पादुकांचे गाव आणि चित्रे काढणारे यंत्र

चित्रे काढणाऱ्या यंत्राला ‘दत्त’ एवढाच शब्द दिला, तर तीन शिरे, सहा हात, मागे गाय आणि पायाशी चार कुत्री असलेली आकृती पडद्यावर उमटण्याचा संभव सर्वांत अधिक. ‘दत्ताचे देऊळ’ म्हटले, तर उंच शिखर आणि त्यावर फडकणारा भगवा. कोल्हापूर जिल्ह्याच्या शिरोळ तालुक्यात, नृसिंहवाडीच्या दत्तमंदिरात, कृष्णा-पंचगंगेच्या संगमावर, यातले फारसे काही जुळत नाही. तिथे गाभाऱ्यात पूजा होते ती औदुंबरातळीच्या मनोहर पादुकांची. मंदिराला नेहमीच्या घडणीचे उंच शिखर नाही. विजापूरच्या आदिलशहाने ते बांधून दिले, अशी परंपरा सांगितली जाते. पावसाळ्यात कृष्णा चढते, पाणी उत्तरेकडून आत शिरते, पादुकांवरून वाहते आणि दक्षिणेच्या दाराने बाहेर पडते. त्या पाण्यात स्नान करायला भाविकांची झुंबड उडते. वाडीत याला दक्षिणद्वार सोहळा म्हणतात. ‘देवळात शिरलेला पूर’ काढायला सांगितले, तर यंत्र बहुधा आपत्ती रंगवील. सोहळा त्याला सुचणे कठीण.

याचे कारण यंत्राच्या शिकण्यात आहे. मशीन लर्निंग म्हणजे उदाहरणे पाहून त्यांतली लकब उचलणे. चित्रांच्या साधनांना कोट्यवधी चित्रे त्यांच्या वर्णनांसह दाखवलेली असतात. आज ज्या पद्धतीचा बोलबाला आहे, तिला डिफ्यूजन म्हणतात. जुन्या टीव्हीच्या पडद्यावर मुंग्या दिसत, तशा मुंग्या प्रत्येक चित्रावर थोड्याथोड्या पसरून ते झाकत न्यायचे आणि यंत्राने त्या ओळखून दूर करायच्या, असा हा सराव. तो पुरा झाला, की यंत्र नुसत्या मुंग्यांपासून सुरुवात करते आणि दिलेल्या शब्दांच्या धाकात टप्प्याटप्प्याने नवे चित्र साफ करत आणते. त्याच्यापाशी चित्रांचा संग्रह नसतो. कोणत्या शब्दाशी कोणता आकार किती वेळा जुळला, याचे आकड्यांत मुरलेले वळण असते. हजारो वेळा पाहिलेले त्याच्या अंगवळणी पडते. क्वचित पाहिलेले पुसट राहते.

तीन शिरांचा दत्त इतका ओळखीचा झाला, त्यालाही एक यंत्र कारण आहे. राजा रविवर्मा यांनी १८९४ मध्ये मुंबईत शिळाछापखाना काढला. पुढे तो लोणावळ्याजवळच्या मळवलीला गेला. त्या छापखान्यातून देवदेवतांची रंगीत चित्रे घरोघरी पोचली, त्यांत दत्तात्रेयही होते. मग कॅलेंडरे आली, फ्रेमा आल्या, मोटारींच्या काचांवरचे स्टिकर आले. एकच रूप लाखो वेळा छापले गेले आणि तेच पुढे संगणकाच्या उदाहरणांत जमा झाले. पादुकांचे चित्र तेवढे छापले गेले नाही, म्हणून यंत्राच्या शिदोरीत ते कमी.

यंत्र हाताशी घेणारा कलावंत कोल्हापूरला नवा नाही. पडदे रंगवणारे बाबूराव मेस्त्री, म्हणजेच बाबूराव पेंटर, यांनी १९१८ च्या सुमारास स्वतःचा सिनेकॅमेरा तयार केला. त्यावर काढलेला ‘सैरंध्री’ १९२० मध्ये पडद्यावर आला. चित्रकाराची नजर त्यांनी प्रकाशयोजनेत आणि नेपथ्यात आणली. सिनेमाची पोस्टरेही स्वतः रंगवली. मात्र कॅमेरा आणि शिकणारे यंत्र यांत मोठा फरक आहे. कॅमेऱ्यापुढे वस्तू ठेवावी लागते. शिकणाऱ्या यंत्रापुढे वस्तू नसते. इतरांनी आधी काढलेल्या वस्तूंचा ठसा तेवढा असतो.

कलेत संगणकाचा वापर पन्नास वर्षांहून जुना आहे. ब्रिटिश चित्रकार हॅरॉल्ड कोहेन यांनी १९७० च्या दशकात ‘एरॉन’ नावाची चित्र काढणारी आज्ञावली लिहायला घेतली आणि २०१६ मध्ये मृत्यू येईपर्यंत ते तिच्यावर काम करत राहिले. रेषा कशी वळावी, आकृतीमागे आकृती कशी झाकावी, हे नियम त्यांनी स्वतः लिहून दिले होते. २०१४ नंतर नियम लिहून देण्याची गरज उरली नाही. त्या वर्षी मांडल्या गेलेल्या ‘गॅन’ पद्धतीत दोन न्यूरल नेटवर्क एकमेकांशी झुंजतात: एक चित्र रचते, दुसरे ते खरे की बनावट हे ओळखू पाहते. या पद्धतीने, सुमारे १५,००० जुन्या व्यक्तिचित्रांवर शिकवून केलेले एक चित्र ऑक्टोबर २०१८ मध्ये न्यूयॉर्कच्या क्रिस्टीज लिलावात ४,३२,५०० डॉलरना गेले. त्याच वर्षी दिल्लीच्या नेचर मॉर्ट कलादालनात ‘ग्रेडियंट डिसेंट’ हे अशा कामांचे प्रदर्शन भरले. हर्षित अग्रवाल हे त्यातले भारतीय कलावंत. २०२२ मध्ये मिडजर्नी आणि स्टेबल डिफ्यूजन सर्वांसाठी खुली झाली आणि प्रयोगशाळेतली गोष्ट फ्लेक्स छापणाऱ्याच्या दुकानात आली.

रोजच्या कामात या साधनांचे उपयोग ठरावीक आहेत. पहिला कच्च्या आराखड्याचा. मुखपृष्ठाच्या, नेपथ्याच्या किंवा पोस्टरच्या दहा-वीस कल्पना तासाभरात डोळ्यांपुढे येतात. त्यांतली एखादी निवडून चित्रकार ती हाताने पुढे नेतो. दुसरा दुरुस्तीचा: फोटोतली नको असलेली तार पुसणे, कडा वाढवणे, फाटक्या जुन्या फोटोचा गेलेला भाग भरणे. यातही जपावे लागते, कारण भरलेला भाग अंदाजाचा असतो. आजोबांच्या फोटोतला फाटलेला फेटा यंत्र पुरा करते, पण तो त्यांचाच फेटा असेल असे नाही. तिसरा उपयोग चित्रपटाचा. चित्रीकरणाआधी प्रसंग कसा दिसेल, हे चित्रफलकांवर मांडून पाहायला दिग्दर्शकाला ही साधने उपयोगी पडतात.

मराठी कलावंताला एक अडचण हटकून येते, ती अक्षरांची. बरीच साधने अक्षरही चित्रासारखेच रंगवतात. देवनागरीची उदाहरणे रोमनच्या मानाने थोडी. त्यात जोडाक्षरे, वेलांट्या, रफार. मग ‘श्री’चा भलताच आकार होतो आणि शिरोरेषा मधेच तुटते. त्यावरचा उपाय सोपा आहे. चित्रात मजकुराची जागा मोकळी ठेवायची आणि अक्षरे नेहमीच्या फॉन्टमध्ये किंवा हाताने वेगळी बसवायची.

यापुढची पायरी म्हणजे उदाहरणे स्वतः जमवणे. ब्रिटिश कलावंत ॲना रिडलर यांनी २०१८ मध्ये ट्यूलिपच्या फुलांचे सुमारे १०,००० फोटो स्वतः काढले, प्रत्येकावर हाताने नोंद केली आणि मग त्यांवर यंत्राला शिकवले. ते फोटोही त्यांनी कलाकृती म्हणून मांडले, कारण निवड आणि नोंद हेच कष्टाचे काम होते. आता एवढ्या फोटोंची गरज राहिलेली नाही. तयार यंत्राला वीस-तीस फोटो दाखवून एखादी वस्तू वा शैली जादा शिकवता येते. नृसिंहवाडीच्या परिसरात अशा संग्रहाला भरपूर वाव आहे: घाटाच्या पायऱ्यांवर चढत जाणारे पाणी, औदुंबराचा पार, पालखी, आणि त्याच तालुक्यातले खिद्रापूरचे बाराव्या शतकातले कोपेश्वर मंदिर. कोपेश्वराच्या स्वर्गमंडपाचे छत मधोमध गोल उघडे आहे. हे ठाऊक नसलेले यंत्र त्यावर छप्पर घालून मोकळे होईल. शिकवलेल्या यंत्राला तिथून आकाश दाखवता येते. मात्र माणसांचे फोटो वा दुसऱ्या चित्रकाराची कामे संग्रहात घ्यायची, तर संमती हवी.

संमतीचा प्रश्न आवाजाच्या बाबतीत सर्वांत टोकदार होतो. एखाद्या गायकाच्या ध्वनिमुद्रणांवर शिकवलेले यंत्र दुसऱ्याच्या गळ्यातले गाणे त्या गायकाच्या आवाजात बदलून देते. ए. आर. रहमान यांनी २०२४ च्या ‘लाल सलाम’ या तमीळ चित्रपटातल्या एका गाण्यासाठी बंबा बाक्या आणि शाहुल हमीद या दिवंगत गायकांचे आवाज असे वापरले. दोघांच्या कुटुंबीयांची परवानगी घेतली आणि त्यांना मोबदला दिला. परवानगीविना झालेल्या वापराविरुद्ध अरिजित सिंग मुंबई उच्च न्यायालयात गेले, तेव्हा जुलै २०२४ मध्ये न्यायालयाने त्यांच्या आवाजाला, नावाला आणि प्रतिमेला अंतरिम संरक्षण दिले. १९३३ मध्ये सांगली संस्थानात जन्मलेल्या आशा भोसले यांनाही २०२५ मध्ये याच न्यायालयाने तसे संरक्षण दिले. गायकाचा आवाज ही त्याची कमाई आहे आणि यंत्राने केलेली नक्कल त्या कमाईवर हात टाकते, हा या आदेशांमागचा विचार.

चित्राच्या मालकीचा कायदा तितका स्पष्ट नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात १९९४ च्या दुरुस्तीने एक व्याख्या आली: संगणकाने तयार झालेल्या कृतीचा कर्ता म्हणजे ती कृती तयार करवणारी व्यक्ती. ही व्याख्या लिहिली गेली, तेव्हा चार शब्दांत चित्र देणारी साधने नव्हती. ‘सूर्यास्त’ नावाच्या चित्राची २०२० मध्ये भारतात नोंद झाली, त्यात माणसाबरोबर ‘राघव’ या संगणकप्रणालीचेही नाव सहकर्ता म्हणून होते. नंतर ती नोंद रद्द करण्याची नोटीस निघाली. अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयाने २०२३ मध्ये तेच चित्र नोंदवायला नकार दिला. म्हणून जाणते कलावंत आपले रेखाटन, निवडीचे टप्पे आणि हाताने केलेले बदल जपून ठेवतात. कृतीत माणसाचा वाटा किती, हे त्यांवरून दाखवता येते.

तो वाटा तीन ठिकाणी असतो: काय दाखवून शिकवायचे, आलेल्या शंभरांतले कोणते ठेवायचे, आणि ठेवलेल्यात काय चुकले आहे. तिसरे काम जागा पाहिल्याखेरीज होत नाही. यंत्राने काढलेल्या वाडीच्या चित्रात शिखर दिसले, तर ते खोडण्यासाठी वाडीचे देऊळ डोळ्यांनी पाहिलेले असावे लागते.