ग्रंथालयाचे दार आणि वाचकाचा अधिकार
(ग्रंथपालदिनानिमित्त केलेल्या भाषणाचा सारांश)



डॉ. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे मांडली. प्रत्येक वाचकाला त्याचा ग्रंथ मिळावा, हे त्यांतील दुसरे सूत्र. त्यातला ‘प्रत्येक’ हा शब्द सर्वांत महत्त्वाचा आहे. आपल्या मताचा वाचक आणि आपल्याला रुचणारा ग्रंथ एवढ्यापुरतेच ते सूत्र नाही.

महाराष्ट्रात १९६७ साली सार्वजनिक ग्रंथालयांचा अधिनियम झाला. गावोगावची ग्रंथालये शासकीय अनुदानावर, म्हणजेच जनतेच्या पैशावर चालतात. साहजिकच तेथील कपाट कोणा एका गटाच्या मालकीचे असू शकत नाही.

एखादे पुस्तक काढून टाका, अशी मागणी कधीकधी येते. अशा वेळी कायदा काय सांगतो, हे ध्यानात ठेवावे. पुस्तक सरकारजमा करण्याचा अधिकार राज्य शासनाचा आहे. त्यासाठी कारणे नमूद करून अधिसूचना काढावी लागते आणि तिच्याविरुद्ध उच्च न्यायालयात दाद मागता येते. शासनालाही जेथे एवढी बंधने आहेत, तेथे दोनचार जणांच्या तोंडी आग्रहाखातर ग्रंथपालाने पुस्तक दडवावे, हे योग्य नव्हे. तक्रार लेखी घ्यावी, समितीने पुस्तक संपूर्ण वाचावे आणि निर्णय सकारण नोंदवावा. ५ जानेवारी २००४ रोजी पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेवर हल्ला झाला आणि अनेक दुर्मीळ ग्रंथ व हस्तलिखितांची हानी झाली. मतभेदाचे उत्तर लेखणीने द्यायचे असते, हे त्या दिवसाने आपल्याला फार महागात शिकविले.

दुसरी बाब माहितीची. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम ४ नुसार प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणाने आपल्या कामकाजाची माहिती स्वतःहून प्रसिद्ध करावयाची आहे. ती देताना स्थानिक भाषेचा विचार करावा, असेही त्यात म्हटले आहे. ग्रामपंचायतीचा अर्थसंकल्प, योजनांचे नियम व लाभार्थींच्या याद्या यांची एक प्रत वाचनालयाच्या टेबलावर ठेवली, तर अर्ज करण्याची वेळच अनेकांवर येणार नाही.

शेवटी एक विनंती. कोणी कोणते पुस्तक नेले, याची नोंदवही केवळ देवघेवीसाठी असते. ती इतरांना चाळू देऊ नये. आपल्या वाचनावर कोणाची नजर नाही, अशी खात्री असेल तरच माणूस निर्भयपणे वाचतो. आणि निर्भयपणे वाचणारा नागरिकच ग्रामसभेत निर्भयपणे बोलू शकतो.