दृष्टि आहे तोंवर



ज्युबिलीच्या आनंदांत मधुमेहाचा विषय कोणास अप्रस्तुत वाटेल. परंतु हा रोग आतां घरोघर ऐकूं येतो. संत लुसियेच्या मध्यस्थीनें आपण दृष्टीचें रक्षण मागतों. तें मागणाऱ्यानें स्वतःही जागृत असावें.

रक्तांतील साखर दीर्घकाळ वाढलेली राहिली कीं डोळ्याच्या आंतील पडद्याच्या सूक्ष्म रक्तवाहिन्या दुबळ्या होऊन पाझरूं लागतात. आरंभीं वेदना नाहीं, दिसण्यांत उणीव नाहीं. अंधुक दिसूं लागतें, तेव्हां पुष्कळदां बरीच हानि झालेली असते. म्हणून पडद्याचें छायाचित्र घेऊन रोग आधींच शोधावयाचा. वेळीं सांपडल्यास लेझर-किरणांनीं अथवा डोळ्यांत टोचावयाच्या औषधानें पुष्कळांची दृष्टि वांचते.

इंग्लंडांत २००३ पासून अशी सार्वत्रिक तपासणी सुरू झाली. इंग्लंड व वेल्समध्यें कामकरी वयाच्या माणसांतील अंधत्वाचें हें पहिलें कारण होतें. २००९-१० मध्यें तें तसें उरलें नाहीं, असें २०१४ सालच्या संशोधनांत दिसून आलें. २०१६ सालीं मदुरेचें अरविंद नेत्ररुग्णालय व चेन्नईचें शंकर नेत्रालय यांच्या सहकार्यानें झालेल्या संशोधनांत १,२८,१७५ छायाचित्रांवरून संगणकास हा रोग ओळखण्यास शिकविण्यांत आलें.

परंतु जो तपासणीस जातच नाहीं, त्याचा डोळा कोणतें यंत्र पाहील? मधुमेह असलेल्या प्रत्येकानें, डोळ्यांची तक्रार नसली तरी, वर्षांतून एकदां पडद्याची तपासणी करवावी. तरुणांनीं घरांतील वडील माणसांस हात धरून न्यावें. ज्युबिली-वर्षाचा हा संकल्प परमेश्वरास मान्य होवो.