मोटारीचा पुनर्निर्मित आल्टर्नेटर

रात्रीच्या वेळी खंडाळ्याचा घाट चढत असताना मोटारीच्या फलकावर बॅटरीचे चित्र असलेला तांबडा दिवा लागतो. गाडी तर चालतच असते. म्हणून चालक त्याकडे काणाडोळा करतो. थोड्या वेळाने समोरचा उजेड पिवळट होऊ लागतो, आणि अखेर इंजिन आचके देऊन थांबते, तेही नेमके वळणावर, मागून मालमोटारी येत असताना.

मोटार सुरू करण्याचे काम बॅटरीचे. ती सुरू झाल्यावर दिव्यांना, ठिणगीला आणि खुद्द बॅटरीला वीज पुरविण्याचे काम आल्टर्नेटरचे. इंजिनाच्या पट्ट्यावर तो फिरतो. त्याच्या पोटात एक विद्युत्चुंबक गरगरत असतो, भोवती तांब्याच्या तारेची वेटोळी असतात. त्यांत उत्पन्न होणारी वीज क्षणोक्षणी दिशा बदलणारी असते. तिला एका दिशेला लावण्याचे काम डायोड करतात आणि तिचा दाब रेग्युलेटर आवरतो. पूर्वी या जागी डायनॅमो असे. 1960 च्या सुमारास सिलिकॉनचे डायोड स्वस्त व टिकाऊ झाले, आणि अमेरिकेत क्रायस्लर कंपनीने त्या साली आपल्या व्हॅलियंट गाडीला आल्टर्नेटर बसविला. इंजिन मंद चालत असतानाही पुरेशी वीज देण्याचा गुण डायनॅमोत नव्हता.

दिवा लागला की आल्टर्नेटरच गेला, असे मात्र समजू नये. पट्टा सैल झाला असेल, बॅटरीच्या टोकांवर पांढरा-हिरवा क्षार साचला असेल, इंजिनाची अर्थिंगची तार गंजली असेल. हे सारे आधी पाहावयास हवे. कारण दोष तिथेच राहिला, तर नवा नगही त्याच वाटेने जातो. बॅटरी पूर्ण उतरलेली असेल, तर ती बाहेरच्या चार्जरवर भरून घ्यावी. रिकामी बॅटरी भरण्याचा सारा भार नव्या आल्टर्नेटरवर टाकला म्हणजे तो तापून अल्पायुषी होतो.

आता निवड. मुंबईचे कुर्ला, दिल्लीचे मायापुरी, चेन्नईचे पुदुपेट या बाजारांत जुने आल्टर्नेटर मिळतात. त्यांतील पुष्कळ नग केवळ पुसून, रंगवून मांडलेले असतात. काही दुरुस्त केलेले, म्हणजे जो भाग बिघडला तेवढाच बदललेले असतात. पुनर्निर्मित हा शब्द याहून वेगळा आहे. त्यात आल्टर्नेटर पूर्ण सुटा करून धुतला जातो. बेअरिंगे आणि ब्रश, ते चांगले दिसत असले तरीही, बदलले जातात. डायोड, रेग्युलेटर व वेटोळी तपासून सदोष भाग नवे घातले जातात. आणि शेवटी यंत्रावर फिरवून पूर्ण भाराखाली चाचणी होते. अॅल्युमिनियमचे कवच आणि तांब्याची वेटोळी सहसा लवकर झिजत नाहीत. म्हणूनच हा व्यवहार मुळात शहाणपणाचा आहे. विक्रेत्याला एवढेच विचारावे की, कोणते भाग बदलले आणि चाचणीचा कागद व हमी आहे काय. उत्तर चाचरत आले, तर चकाकी पाहून भुलू नये.

जुना व नवा नग शेजारी ठेवून पाहणे हीच खरी परीक्षा. बोल्टांची भोके, पुलीचा व्यास व तिच्या खाचा, तारांची जोडणी आणि अँपिअरचा आकडा हे सर्व जुळले पाहिजे.

बसविताना प्रथम बॅटरीची ऋण तार सोडावी. मग पट्टा ढिला करून काढावा. बॅटरीहून येणारी जाड तार सतत जिवंत असते. ऋण टोक न सोडता तिच्या नटाला पाना लावला आणि तो कवचाला टेकला, तर ठिणग्यांचा फवाराच उडतो. बोल्टांच्या बैठका खरवडून स्वच्छ कराव्यात. बहुतेक गाड्यांत परतीची वीज कवचातूनच जाते. पट्टा भेगाळलेला असेल तर तोही बदलावा. तो फार ताणला तर बेअरिंग मरते, सैल राहिला तर किंचाळतो. जाड तारेचा नट घट्ट बसवून तिचे रबरी टोपण चढवावे आणि ऋण तार सर्वांत शेवटी जोडावी.

किल्ली फिरविताच तांबडा दिवा लागला पाहिजे व इंजिन सुरू होताच विझला पाहिजे. बॅटरीच्या टोकांवर व्होल्टमापक लावला असता, बंद गाडीत सुमारे 12.6 दिसणारा आकडा साधारण 14 च्या आसपास यावा आणि पुढचे दिवे व पंखा लावल्यावरही 13 च्या खाली उतरू नये. अलीकडच्या काही गाड्यांत संगणक हा दाब मुद्दाम कमीजास्त करतो; तिथे उत्पादकाच्या पुस्तिकेतील आकडे प्रमाण मानावेत. चालू गाडीत बॅटरीची तार काढून चाचणी करणारे मिस्त्री अजून भेटतात. डायनॅमोच्या काळात ते खपून जाई. आज त्यामुळे विजेचा दाब एकदम उसळतो आणि डायोडांबरोबर गाडीचा संगणकही जळण्याची भीती असते. त्यांना नम्रपणे थांबवावे.

राहिला जुना नग. तो पुसून, नव्याच्याच खोक्यात घालून, पावतीसह विक्रेत्याकडे पोचवावा. खरेदीच्या वेळी त्याच्यापोटी घेतलेली अनामत तेव्हाच परत मिळते.