गोष्ट लिहायला बसलो तेव्हा
(मंडळाच्या गणेशोत्सवात केलेले भाषण)



‘आम्ही’ म्हणतो ते मोठेपणाने नव्हे. आम्ही खरोखरच चौघे आहोत : दोन निवृत्त गुरुजी, एक आजी आणि एक कापसाचे व्यापारी. गेले वर्षभर आम्ही मुलांसाठी गोष्टी लिहायला शिकतो आहोत. शिकलो असे म्हणायची हिंमत नाही.

कारण घरातलेच आहे. 1956 साली राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा आदिलाबाद जिल्ह्यातले किनवट आणि राजुरा पलीकडे गेले, आपण इकडे राहिलो. त्याचे दुःख आता कोणी करत नाही. जिल्ह्यात मराठी शाळाही आहेत. पण आपल्या बऱ्याच घरांतली नातवंडे इंग्रजी शाळेत जातात, तेलुगू शिकतात. इथे राहायचे तर तेलुगू यायलाच हवी. मराठी ती बोलतात, पण वाचत नाहीत. गेल्या वर्षी आरतीच्या वेळी एका नातवाने आरतीसंग्रह उलटा धरला होता आणि आरती मात्र खणखणीत म्हणत होता. सगळे हसले. आजी हसली नाही. तिथून हे सुरू झाले.

पहिली गोष्ट आम्ही त्याच गणपतीत लिहिली. खरे बोलणाऱ्या सशाची. त्यात ‘निर्झर’ होता, ‘वनराई’ होती, आणि शेवटी तात्पर्य होते. वाचायला सुरुवात केली तेव्हा पंधरा-वीस मुले होती, तात्पर्यापर्यंत तीन उरली. त्यातल्या एकीला झोप लागली होती. दोष मोबाइलला देऊन आम्ही घरी गेलो.

मग साने गुरुजींची आठवण झाली. ‘श्यामची आई’ त्यांनी 1933 साली नाशिकच्या तुरुंगात लिहिली, हे आपल्याला पाठ आहे. पण त्याआधीचे आपण विसरतो. अंमळनेरच्या छात्रालयात असताना ते मुलांसाठी ‘छात्रालय दैनिक’ हाताने लिहून काढत. वाचणारी मुले त्याच छपराखाली. कंटाळली तर चेहरे तिथेच दिसणार! ‘श्यामची आई’तही श्याम रोज रात्री समोर बसलेल्यांना आठवणी सांगतो. आमच्या सशासमोर कोणीच बसले नव्हते. आमच्यासमोर आमची शाळेतली जुनी पुस्तके होती.

दिवाळीनंतर दुसरी गोष्ट लिहिली. या वेळी कापूसवाले म्हणाले, “फास्टर फेणे फुरसुंगीचा असू शकतो, तर आपला पोरगा गुडीहत्नूरचा का नको?” भा. रा. भागवतांनी फुरसुंगीचे नाव घराघरांत नेले, हे खरेच. म्हणून आमचा पोरगा आपल्या चौरस्त्यावर उभा राहिला, जिथून इंद्रवेल्ली-उटनूरचा रस्ता फुटतो. पोळ्याचा त्याचा लाकडी बैल बसमध्ये राहून जातो आणि बस आदिलाबादकडे निघून जाते.

इथे आमच्यात भांडण झाले. पोरगा घरी येऊन काय म्हणेल? आजी म्हणाल्या, आमचा नातू तर म्हणतो, “आजी, बस वच्चिंदी, डबा दे.” तसेच लिहा. एक गुरुजी उठून गेले. मराठी टिकवायला बसलात की बुडवायला, म्हणाले. आठ दिवस बैठक झाली नाही. शेवटी तोड अशी निघाली की सांगणारा साधी मराठी बोलेल आणि पोरगा घरी बोलतो तसे बोलेल. ‘बैलगाडी’ खोडून ‘बंडी’ लिहिले, ती तेलुगूतही बंडीच. ‘वच्चिंदी’ ऐकून मुले जी खुसखुसली, त्यानंतर गुरुजींनी तक्रार केली नाही. पटले असेल असे मात्र नाही.

आपल्या भागात हे नवे नाही. जैनूरकडच्या मारलवाईत 1940 नंतरच्या दशकात, निजामाच्या राजवटीत, हायमेनडॉर्फ यांच्या पुढाकाराने गोंड मुलांसाठी शाळा निघाल्या. गोंड तरुणच शिक्षक झाले, आणि वाचनाची पुस्तके गोंडी भाषेत पण देवनागरीत केली. आपले सेतुमाधवराव पगडी याच जिल्ह्यात अधिकारी होते. त्यांनी गोंडी शिकून तिचे व्याकरण लिहिले. अधिकाऱ्याला ते करायची सक्ती नव्हती. आधी घरची बोली ऐकायची, मग अक्षर काढायचे, हा क्रम त्या लोकांना कळला होता. आम्ही मराठीच्या घरात जन्मून उलटे करत होतो.

अक्षरांचेही एक सांगतो, कारण ते आम्हाला मुलांनीच शिकवले. तेलुगूत जोडाक्षरातले दुसरे व्यंजन खाली लिहितात. आपल्याकडे बहुतेक वेळा पहिले अर्धे होऊन डावीकडे उभे राहते. म्हणून तेलुगू वाचणारे मूल ‘पुस्तक’ या शब्दातल्या ‘स्त’पाशी अडते. त्याला आम्ही वर्षभर मठ्ठ समजत होतो, देवा! आता सुरुवातीच्या पानांवर जोडाक्षरे जवळजवळ ठेवत नाही. ‘प्रार्थना’ काढली, ‘आरती’ घातली. वाक्य मोठ्याने वाचून बघतो. मध्ये श्वास घ्यावा लागला तर तोडतो.

आणि तरी चूक झालीच. पोरगा अनोळखी बसमध्ये चढला म्हणून आईने त्याला समजावले, त्याने कान पकडले, गोष्ट संपली. टाळ्यांची वाट बघत होतो. पुढच्या रांगेतून एक बारीक आवाज आला, “आणि बैल?”

बैलाला आम्ही चौघेही विसरलो होतो. पोराला शहाणा करण्याच्या नादात बैल बसमध्येच राहिला.

तेव्हापासून शेवट तीनदा लिहिला. एकात कंडक्टर बैल आणून देतो. मुले म्हणाली, एवढे सोपे नसते. दुसऱ्यात बैल निर्मलला पोचतो. मुले म्हणाली, बस आदिलाबादची होती ना? तिसरा उद्या संध्याकाळच्या आरतीनंतर वाचणार आहोत. मुलांनी पुढे बसावे. मोठ्यांनी मागे बसावे, आणि कृपा करून मुलांना “गप्प बसून ऐका” म्हणू नये.