डावांत दैवाचा वांटा किती?



रिद्धपूर म्हटलें कीं महानुभाव पंथाचें क्षेत्र डोळ्यांपुढें येतें. म्हाइंभटांनीं इ. स. १२७८ च्या सुमारास ‘लीळाचरित्र’ सिद्ध केलें तें ह्याच गांवीं. अशा स्थळाचें नांव घेऊन पत्त्यांच्या डावाविषयीं बोलणें कांहींना खटकेल. पण त्याच ग्रंथांत द्यूताची एक कथा आहे, आणि ती खुद्द चक्रधरस्वामींच्या पूर्वाश्रमाची आहे. भडोचच्या प्रधानाचे पुत्र हरिपाळदेव ह्यांना द्यूताचा नाद होता. एकदां ते हरले, देणें झालें, आणि पत्नी कमळाइसा हिच्याजवळ त्यांनीं दागिने मागितले. तिनें दिले नाहींत. त्यांचें मन संसारांतून उठलें. रामटेकच्या यात्रेचें निमित्त करून ते निघाले आणि वाटेंत रिद्धपुरास गोविंदप्रभूंच्या दर्शनाला पोंचले.

हरलेल्या माणसाविषयीं आपण विचारतों, दैव फिरलें कीं खेळतां आलें नाहीं? ह्या प्रश्नासाठीं पोकर हा पत्त्यांचा खेळ फार सोयीचा आहे. त्याचे प्रकार अनेक, आणि प्रत्येकांत दैवाचा वांटा निराळा.

आरंभ मात्र आपल्या तीन पत्तीपासून करूं. तीन पानें मिळतात. तीं बदलतां येत नाहींत, दुसऱ्याचें एकही पान दिसत नाहीं. पैसे वाढवायचे कीं पानें टाकायचीं, एवढाच निर्णय. समोरच्याचा चेहरा वाचण्याचें कसब थोडें कामीं येतें, पण बुद्धीला खाद्य फार कमी. पोकरच्या जुन्या ‘ड्रॉ’ प्रकारांत पांच पानें मिळतात व नको तीं बदलून घेतां येतात. येथें पहिला धागा हातीं लागतो. एकच पान मागणारा बहुधा रंग किंवा क्रम पुरा करूं पाहत असतो. तीन मागणाऱ्याजवळ बहुधा एक जोडीच असते. सात पानांच्या ‘स्टड’मध्यें प्रत्येकाचीं चार पानें उघडीं पडतात, आणि टाकून दिलेलीं पानें ध्यानांत ठेवणाऱ्याचा फायदा होतो. ‘होल्डेम’मध्यें दोन पानें ज्याचीं त्याला, आणि पांच सर्वांना मिळून. ‘ओमाहा’त हातांतलीं पानें चार, पण त्यांतलीं नेमकीं दोनच वापरायचीं. होल्डेममध्यें दोन एक्के दोन राजांवर पांचांतून सुमारें चार वेळां मात करतात. ओमाहांत आरंभींच्या पानांमध्यें एवढें अंतर क्वचितच पडतें, म्हणून जाणत्यालाही दीर्घकाळ मार खावा लागतो.

आतां कौशल्य म्हणजे काय तें पाहूं. होल्डेमच्या डावांत तुमच्यापाशीं बदामाचीं दोन पानें आहेत, मध्यें मांडलेल्या चारांत बदामाचीं आणखी दोन. एक पान यावयाचें आहे. न दिसलेलीं पानें ४६. त्यांत बदामाचीं ९. बदाम आला तर डाव तुमचा, न आला तर गेला असें धरूं. मध्यें ५० रुपये जमले असून पुढें राहण्यास १० द्यावे लागतात. असा प्रसंग ४६ वेळां आला तर ९ वेळां मिळून ४५० रुपये येतील, ३७ वेळां मिळून ३७० जातील. ८० रुपये पदरांत. मध्यें ५० ऐवजीं ३० च असते, तर त्याच पानांवर १०० रुपयांची खोट! पानें तींच, दैव तेंच. फरक फक्त हिशेबाचा.

रिद्धपूर ज्या अमरावती जिल्ह्यांत आहे त्याच जिल्ह्यांत वर्धेच्या कांठीं कौंडिण्यपूर आहे. तें दमयंतीचें माहेर मानतात. तिचा पति नळ पुष्कराशीं द्यूतांत राज्य हरला. पुढें ऋतुपर्ण राजानें रथांतून जातां जातां बेहड्याच्या झाडाचीं पानें व फळें किती तें सांगितलें; नळानें मोजून पाहिलें तों हिशेब बरोबर! त्याच राजाकडून तो ‘अक्षहृदय’ विद्या शिकला, आणि मग पुष्कराला जिंकूं शकला. फांशांच्या विद्येशेजारीं झाडाच्या मोजणीची गोष्ट यावी हें मला फार अर्थपूर्ण वाटतें.

पण मघांच्या उदाहरणांत एक गोष्ट लपली आहे. बरोबर निर्णय घेणारा माणूसही पांचांतून चार वेळां हरतो. ८० रुपयांचा नफा शेंकडों डावांनंतर दिसूं लागतो. देणेकऱ्यासमोर मात्र आजचीच रात्र असते. शिवाय अड्ड्याचा मालक प्रत्येक डावांतून ‘नाल’ म्हणून आपला भाग काढून घेतो. दोन खेळणारे समान तोलाचे असले तर दोघेही हळूहळू हरतात आणि मालक जिंकतो.

न्यायासनांचेंही ह्यांत एकमत नाहीं. सर्वोच्च न्यायालयानें १९६८ मध्यें रमी हा मुख्यतः कौशल्याचा व तीन पत्त्यांचा ‘फ्लश’ निव्वळ दैवाचा खेळ ठरविला. नागालँडच्या २०१६ च्या कायद्यानें पोकरला कौशल्याच्या पंक्तींत बसविलें. २०१७ मध्यें गुजरातच्या उच्च न्यायालयानें त्याला तेथून उठविलें. ऑगस्ट २०२५ मध्यें संसदेनें ऑनलाइन पैशांच्या खेळांवर बंदी घालतांना कौशल्य कीं दैव हा भेदच बाजूस ठेवला. गणिताच्या दृष्टीनें हा निर्णय ढोबळ आहे. पण कमळाइसेच्या बाजूनें पाहिलें तर मला तो तितका चुकीचा वाटत नाहीं.

आमच्या घरीं दिवाळीच्या सुटींत मुलें पोकर खेळतात, पण पैशांऐवजीं चिंचोके लावून. प्रत्येक डाव एका वहींत मांडून ठेवतात. पहिल्या दिवशीं धाकटी सर्वांना हरविते, आणि तिला आपण फार हुषार आहों असें वाटतें. वही निम्मी भरेपर्यंत ती पानें टाकावयास शिकलेली असते.