जपानमधील तीन वर्षे
(सास्तूर येथील पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)



मला भाषणाची सवय नाही, चुकले तर सांभाळून घ्यावे.

भारत आणि जपान या दोन सरकारांमध्ये ऑक्टोबर 2017 मध्ये एक करार झाला. त्याखाली मी जून 2022 मध्ये 'तांत्रिक प्रशिक्षणार्थी' म्हणून जपानला गेले. काम वृद्धांच्या शुश्रूषेचे. कोरोनामुळे जपानचे दरवाजे मार्च 2022 पर्यंत जवळजवळ बंदच होते, त्यामुळे तयारी करायला वेळ मिळाला.

आपण विचाराल, प्रशिक्षणार्थी म्हणजे विद्यार्थीच ना? नाही. पहिला महिना-दीड महिना वर्गात जातो. तेव्हा पगार नसतो, निर्वाहभत्ता मिळतो. त्यानंतर ती करारावरची नोकरीच. किमान वेतनाचा आणि कामाच्या तासांचा तिथला कायदा आपल्यालाही लागू होतो. भाडे, विमा, कर पगारातून वजा होतात, तेव्हा हातात येणारी रक्कम किती ते आधी विचारावे. पासपोर्ट मालकाने ठेवून घेणे हा तिथे गुन्हा आहे. मात्र पटले नाही म्हणून आपल्या मर्जीने दुसरीकडे कामाला जाता येत नव्हते. ही अडचण ओळखून जपानने 2024 मध्ये नवा कायदा केला. तो 2027 पासून लागू व्हायचा ठरला असून, त्यात ठरावीक अटींवर जागा बदलण्याची सोय आहे.

मी जाण्याआधी एका दलालाने मोठी रक्कम आणि माझी मूळ प्रमाणपत्रे मागितली होती. अब्बा दोन एकर गहाण टाकायला निघाले. आमच्या सरांनी त्याला एवढेच विचारले, "1983 च्या उत्प्रवास कायद्याखाली तुमची नोंदणी आहे का? दाखला दाखवा." तो पुन्हा आमच्या दारात आला नाही. पुढे राष्ट्रीय कौशल्य विकास महामंडळाची मान्यता असलेल्या संस्थेमार्फत मी गेले. प्रत्येक पैशाची पावती घेतली.

खाण्याची काळजी अम्मीला फार होती. तिने दिलेले ज्वारीचे पीठ दीड महिन्यात संपले. मग भात, मासे, अंडी, मसूर. पाकिटावर लिहिलेले वाचता येऊ लागले, तेव्हा काय घ्यायचे नि काय नाही हेही कळू लागले.

खरी कसोटी भाषेची. शुश्रूषेच्या कामाला निघण्यापूर्वीच एन-फोर ही पातळी लागते. मी ती उत्तीर्ण होते, तरी पहिले तीन महिने आजीबाईंचे बोलणे निम्मेच समजे. एका रात्री जमीन हलली. धक्का लहानच होता. पण एक आजी पलंगाची कड घट्ट धरून बसल्या आणि कपाटाकडे बोट दाखवू लागल्या. त्या कोबेच्या. 17 जानेवारी 1995 च्या पहाटे भूकंपात त्यांच्या अंगावर कपाट पडले होते. मी मोडक्या जपानीत सांगितले, माझे गावही तसेच. 30 सप्टेंबर 1993, पहाटे 3 वाजून 56 मिनिटे. दगडमातीच्या जाड भिंती झोपलेल्या माणसांवर पडल्या. माझी नानी ढिगाऱ्यातून निघाली; मी तर तेव्हा जन्मलेही नव्हते. आजींनी विचारले, "आता घरे कशाची आहेत?" उत्तर देण्यापुरते शब्द माझ्याकडे होते. मग मी वहीत जपानीत नोंद केली : पलंग कपाटापासून दूर ठेवावा. दुसऱ्या दिवशी पलंग हलवला गेला.

विद्यार्थी मित्रांनो, ज्यांना जायचे असेल त्यांनी भाषेचा अभ्यास आजच सुरू करावा. आणि पालकांनी सही करण्यापूर्वी करारपत्र घेऊन यावे. या महिन्यातील प्रत्येक रविवारी मी शाळेत बसणार आहे, सर्व कलमे आपण मिळून वाचू.