सही करण्याआधी

खामगाव, चिखली, मेहकरच्या ॲलोपॅथी डॉक्टरांना नोंदणी दर पाच वर्षांनी नवी करावी लागते. त्यासाठी महाराष्ट्र वैद्यक परिषदेच्या नियमानुसार 30 क्रेडिट पॉइंट लागतात. ते व्याख्यानं, कार्यशाळा, अभ्यासक्रमांतून मिळतात.

असा अभ्यासक्रम तयार करणारी संस्था मजकूर तपासायला एखाद्या अनुभवी डॉक्टरला बोलावते आणि पुढे करारपत्र ठेवते. त्यात काय पाहावं?

पहिलं, काम नेमकं कोणतं? नुसतं वाचून सूचना द्यायच्या, की मंजुरीची सही करायची? सही तुमची असेल, तर तुमची दुरुस्ती डावलून मजकूर बाहेर जाणार नाही, हे कलम हवंच.

दुसरं, हितसंबंध. एखाद्या औषध कंपनीकडून मानधन घेत असाल, तर ते आधीच लेखी सांगा.

तिसरं, मुदत आणि मोबदला. मजकूर किती वेळा तपासायचा आणि पैसे कधी मिळणार, हे आकड्यांत लिहून घ्या.

चौथं, लेखनाचा हक्क. तुम्ही स्वतः नवा भाग लिहून दिलात, तर 1957 च्या कॉपीराइट कायद्यानुसार त्यावरच्या हक्काचं हस्तांतरण लेखी आणि सहीनिशीच होतं. मुदत लिहिली नसेल, तर ती पाच वर्षं धरतात. प्रदेश लिहिला नसेल, तर भारतापुरतं.

तोंडी बोली विरते, कागद टिकतो. म्हणून आधी वाचा, मग सही करा.